अक्का, तो रुसवा नव्हता

प्रिय अक्का,

थोरल्या जावेला 'प्रिय' म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, 'तीर्थस्वरूप' लिहायला हवं. पण तुम्हाला तीर्थस्वरूप म्हटलं असतं तर तुम्हीच हसला असतात, तेव्हा राहू दे.

उद्या सकाळी मी राजाजीनगरच्या आपल्या जुन्या घरी अण्णांकडे जाणार आहे. तुम्हाला नेमकं काय झालं होतं, ते त्यांना समोर बसवून सांगणार आहे. त्यांच्या आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. कारण सगळ्यात आधी विचारलं होतं ते तुम्ही. हॉस्पिटलच्या कॉटवर माझा हात धरून म्हणाला होतात, "शोभे, मला झालंय तरी काय गं?" मी म्हटलं, "शिरांना सूज आलीय म्हणतात." तर तुम्ही म्हणालात, "शिरा सुजतात व्हय?" मला पुढचं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगून पुढच्या पेशंटकडे गेले होते. मी तुम्हाला चहा हवा का विचारलं आणि वेळ मारून नेली.

येत्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. निपाणीहून सगळा गोतावळा बेंगळुरात येईल. तिकडे काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. "धाकटी वेगळी निघाली आणि थोरली झुरून गेली." एवढ्या एका वाक्यात त्यांनी तुमचं मरण बसवून टाकलंय! लोकांचं मी फार मनावर घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण अण्णाही तेच धरून बसलेत, अक्का. तोंडानं म्हणत नाहीत. पण तुमच्या तेराव्यानंतर ते आमच्या ह्यांच्याशी, सख्ख्या धाकट्या भावाशी, एक शब्द बोललेले नाहीत. बनशंकरीहून मी मेट्रोनं डबा घेऊन जाते, तर "ठेव तिथं" एवढंच. हे बाहेर जिन्यात उभे राहतात, आत येत नाहीत. आमच्या नव्या फ्लॅटनं तुमचा जीव घेतला असं एक भाऊ मानतो, आणि दुसऱ्याला रात्रंदिवस तीच भीती आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात तुमची फाईल उचलली आणि बसवनगुडीला त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसले. आठवतात का त्या? हुबळीकडच्या, शेवटी शेवटी हॉस्पिटलात तुम्हाला बघायला यायच्या, तुमच्याशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायच्या. मी म्हटलं, "मी पेशंट नाही हो. माझी जाऊ गेली. मला फक्त समजून घ्यायचंय." त्यांनी बाहेरच्या मुलीला सांगितलं, थोडं थांबव सगळ्यांना. आणि कागद ओढून चित्र काढायला घेतलं.

पण ते नंतर. आधी तुमच्या रुसव्याबद्दल बोलायला हवं. रागावू नका!

तुमचा रुसवा हे आपल्या घरातलं एक मोठं प्रकरण होतं, अक्का. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मला तुमच्या रुसव्याची माहिती दिली होती. थोरली रुसली की फूल माळत नाही, कोपऱ्यावरच्या बाईकडनं घेतलेली मोळभर मल्लिगे, हातभर मोगऱ्याची माळ, सरळ देवाला घालते. वेणी आपली आपण घालते, कुणाला डोक्याला हात लावू देत नाही. ताट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसते आणि अर्धी भाकरी टाकून उठते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तिला विचारायचं नाही. विचारलं की वाढतं. जपून वागायचं आणि वाट बघायची.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. अण्णांनी तुम्हाला न विचारता जुनी स्कूटर विकली तेव्हा किती दिवस तुम्ही त्यांच्याशी माझ्या तन्वीमार्फत बोलत होतात! तन्वी तेव्हा शाळेत. "मोठी आई म्हणते, चहा थंड होतोय," असा निरोप घेऊन ती पोर या खोलीतून त्या खोलीत धावायची. एके दिवशी जेवण झाल्यावर तुम्ही आपण होऊन मागच्या पायरीवर माझ्यापुढं पाठ करून बसलात आणि फणी मागं सरकवलीत. संपला रुसवा. मी वेणी घातली, तुम्ही माझी घातलीत, अण्णा आतून हळूच डोकावून गेले. कधी कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही.

तर अशा घरात आम्ही संक्रांतीच्या दिवशी फ्लॅटची बातमी सांगितली. तन्वीच्या ऑफिसची बस बनशंकरीहून सुटते, ह्यांचीही निवृत्ती झालेली, सगळं बरोबरच होतं. तरी मी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं. तुम्हाला मूल नाही, तन्वीला न्हाऊ-माखू घालण्यापासून सगळं तुम्ही केलेलं. तिला घेऊन मी निघणार, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं? एळ्ळू-बेल्ल, इथला तिळगूळ, वाटून झाल्यावर ह्यांनीच सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, पोरीची दगदग वाचंल." आणि आत गेलात. त्या दिवशी फुलं देवाला गेली.

त्यानंतर जे जे झालं, ते आम्ही सगळ्यांनी एकाच चष्म्यातून बघितलं, अक्का. चुकलं ते इथंच.

आठवडाभरानं मी फणी घेऊन आले, तर तुम्ही म्हणालात, "नको, आज राहू दे." दुसऱ्या दिवशी मी जरा लाडात येऊन केसांना हात घातला, तर केवढ्यानं ओरडलात! "हात लावू नको म्हटलं न्हवं!" इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "अक्का फार लावून घेतायत." हे म्हणाले, "जाऊ दे, काढतील चार दिवस."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक डोकं काढलं आणि कानाच्या पुढून कानशिलावर चढणारी एक रेघ काढली. ही रक्तवाहिनी. हिची भिंत आतून सुजते. मी म्हटलं, "बोअरच्या पाण्यानं नळाचा पाइप आतून भरतो तसं?" त्या म्हणाल्या, "नाही. पाइपात बाहेरचा क्षार साचतो. इथं बाहेरचं काही नसतं, शरीराची जी राखण करणारी व्यवस्था आहे तीच चुकून आपल्या भिंतीवर उलटते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते." कशामुळं, विचारलं. म्हणाल्या, ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही, हा आजार पन्नाशीच्या पुढं होतो, बायकांना जास्त. त्या सुजलेल्या वाहिनीवरची कातडी इतकी हुळहुळी होते, की फणीचा दात लागला तरी जीव जातो. उशीवर डोकं टेकवत नाही.

उशीवर डोकं टेकवत नाही! म्हणून तुम्ही बसून झोपायला लागला होतात ना? अण्णा आम्हाला सांगायचे, "रात्रभर भिंतीला टेकून बसायलीय, विचार करत." विचार कसला? तुम्हाला आडवं होता येत नव्हतं.

मग जेवण. ज्वारीच्या भाकरीशिवाय तुमचं पोट भरत नाही, सगळं आयुष्य बेंगळुरात काढून तुम्ही भाताला "पाहुण्यांचं जेवण" म्हणायचात. ती भाकरी तुम्ही अर्ध्यावर टाकायला लागलात. चार घास चावायचे, थांबायचं, पुन्हा दोन घास, मग ताट बाजूला. एकदा म्हणालात खऱ्या, "जबडा दमायलाय गं." आम्ही दातांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यानं एक दाढ घासून दिली. नंतर तुम्ही सारू-भात कालवून खायला लागलात. अण्णा म्हणाले, "राग भाकरीवर कशाला काढायचा?" 

बाई म्हणाल्या, चावताना जबड्याच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं. वाट अरुंद, रक्त पुरत नाही, मग स्नायू कळवळतो. थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चावलं की पुन्हा दुखतं. "जबडा दमतो असं पेशंटनं म्हटलं की आमचे कान टवकारतात," असं त्या म्हणाल्या. तुम्ही अगदी तेच शब्द वापरले होते, अक्का. ऐकणारे कान तेवढे चुकीचे होते.

आणि अण्णांनी काय केलं माहीत आहे ना? तुमची समजूत काढायची म्हणून गोकाकला जाणाऱ्या कुणालातरी सांगून करदंट मागवलं. तुमच्या आवडीचं, डिंक-खोबरं-सुकामेव्याचं, चिवट. तुम्ही एक तुकडा तोंडात घातलात, थोडा चघळलात आणि पदराआड काढून ठेवलात. अण्णांनी ते पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण त्यांचा चेहरा इतका उतरला! "अजून राग गेला नाही हिचा," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी समजूत काढणं सोडलं.

खांदे आखडले म्हणून तुम्ही कपडे वाळत घालायचं सोडलंत, आम्ही म्हटलं अंग काढून घेतायत. अंगात कणकण असायची, ब्लाउज सैल व्हायला लागले, आम्ही म्हटलं झुरतायत. शेजारच्या रत्नम्मा विचारायला आल्या तर मीच त्यांना गेटाशी अडवून फ्लॅटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्वल्प बेजारु अष्टे, सरी होगत्ते." थोडं वाईट वाटलंय, होईल ठीक. मलाही तेच हवं होतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तुम्ही एकट्याच गेलात, त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. घरी येऊन तुम्ही आम्हाला काय सांगितलंत? "काही नाही, टेन्शन." हे बोलताना माझ्याकडे बघितलं होतंत का? मला तसं वाटलं होतं. आता खात्री देता येत नाही.

फ्लॅट दाखवायला नेलं तो दिवस मला सगळ्यात जास्त खातो. तन्वीनं टॅक्सी केली होती, रस्ताभर तुमचा हात धरून बसली होती. गॅलरीत नेऊन मी म्हटलं, "बघा अक्का, इथून देवळाचं गोपूर दिसतं." तुम्ही नुसत्या उभ्या. मग म्हणालात, "मला काही दिसत नाही बाई." आणि आत जाऊन रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर बसलात. तन्वी चिडली. "मोठी आई, दिस इज टू मच हं! निदान खोटं तरी छान म्हण!" मी तिला गप्प केलं, पण मनात माझ्याही तेच होतं.

का सांगितलं नाहीत, अक्का? हॉस्पिटलात सांगितलंत, की त्या वेळी उजव्या डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखं झालं आणि थोड्या वेळानं गेलं. एवढी मोठी गोष्ट! त्याच वेळी, त्या फरशीवर बसल्या बसल्या सांगायला काय झालं होतं? मी समोर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. घुश्श्यात होते, पण उभी होते ना!

बाई म्हणाल्या, तो पडदा म्हणजे शेवटचा इशारा असतो. दृष्टीची जी नस असते, डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी, तिला रक्त पोचवणाऱ्या अगदी बारीक फांद्या असतात. आजार रक्तवाहिनीचा, पण घाव बसतो तो नसेवर. मी शीर आणि नस एकच समजत होते. तसं नाही. रक्त नेते ती वेगळी, आणि दिसणं, चालणं, बोलणं ज्यांच्यावर चालतं त्या नसा वेगळ्या. रक्त बंद झालं की नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही. पडदा आला त्याच दिवशी औषध मिळालं तर बहुतेकांचा डोळा वाचतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी तुम्ही डाव्या डोळ्यावर पदर धरून भिंतीकडे बघत उभ्या होतात. मी विचारलं, "काय करताय?" म्हणालात, "कॅलेंडर काढलं का गं कुणी?" कॅलेंडर तिथंच होतं.

डोळ्याच्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली, मग खुर्ची मागं सरकवून तुम्हाला विचारलं, "डोकं दुखतंय का? केस विंचरताना दुखतं का? जेवताना जबडा दुखतो का?" तुम्ही प्रत्येकाला "हो, हो" म्हणत गेलात, जणू त्यानं आपल्या घरात राहून सगळं बघितलं होतं. मी तुमच्या मागं पर्स धरून उभी होते. त्या माणसानं आयुष्यात तुम्हाला पहिल्यांदा बघितलं होतं आणि त्याला एका मिनिटात कळलं. मी रोज त्याच घरात होते, आणि मला फक्त राग दिसला होता.

त्यानंतर सगळं घाईघाईनं झालं. रक्त तपासलं, त्यात सुजेचा आकडा भलताच चढलेला. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं. कानशिलावरच्या वाहिनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुसऱ्या दिवशी तुमची डोकेदुखी गेली! किती दिवसांनी तुम्ही उशीवर डोकं टेकून झोपलात! उठल्यावर म्हणालात, "भाकरी मिळंल का?" मला वाटलं, संपलं संकट. डोळा गेला, पण तुम्ही राहिलात.

त्या दुपारी मी धीर करून विचारलं, "अक्का, अजून रागावलाय का माझ्यावर?" तुम्ही हसलात. तुमचं उत्तर मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणालात, "रागावले होते की! दोन दिवस. मग डोस्कंच असं ठणकायला लागलं, राग कुठला टिकतोय? पण तुम्ही सगळी इतकी दबकून वागायलासा, की मलाच वाटलं, मी रागावलेच असंन. मनातल्या रागानंच दुखायलंय म्हटलं. म्हणून गप बसले, राग जाऊ दे म्हणून." मग उशी सारखी करत म्हणालात, "जातच नव्हता बघ."

अक्का, म्हणजे आम्ही तुम्हालाही पटवलं होतं! तुमच्या दुखण्याला आम्ही रुसवा म्हणालो आणि तुम्ही तो खरा मानून, आतल्या आत तो घालवत बसलात. हे आठवलं की मला धड बसवत नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत तुमचं बोलणं जड झालं, पाणी पिताना ठसका लागला, आणि मग तुम्ही आमच्याकडे बघितलंच नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतही तीच सूज होती. औषध सुरू झालं तरी आधी अरुंद झालेली वाट लगेच मोकळी होत नाही, असं बाई म्हणाल्या. पाडव्याच्या आधीच तुम्ही गेलात.

मी बाईंना दोन प्रश्न विचारले. पहिला, "हे चिंतेनं, दुःखानं होतं का? कुणी दुखावलं म्हणून?" त्या ठामपणे म्हणाल्या, "नाही. फ्लॅट घेतला नसता तरी झालं असतं." दुसरा मी विचारणार नव्हते, पण विचारला. लवकर आणलं असतं तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "डोळा वाचण्याची शक्यता खूपच जास्त होती. बाकीचं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही." मग म्हणाल्या, आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, भल्या भल्या डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही, तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका. त्यांच्या चांगुलपणानं म्हणाल्या. मी चित्राचा कागद घडी करून घेतला.

पहिल्या उत्तरानं मी सुटले, असं निपाणीचे लोक म्हणतील. सुटले कुठं? फ्लॅटनं तुम्हाला मारलं नाही, हे खरं. पण तुमच्या दुखण्याचाही मान आम्ही स्वतःकडे घेतला, हेही खरंच ना? तुम्ही कळवळत होतात आणि आम्हाला वाटत होतं, हे सगळं आमच्यासाठी चाललंय.

इथवर लिहून ठेवते. उद्या अण्णांना काय काय सांगायचं, ते आता जुळलंय असं वाटतं.

*

अक्का, पत्र अर्धवट राहिलं होतं, आज पुरं करतेय. जाऊन आले.

अण्णा पेपर वाचत होते. मी डबा ठेवला आणि आज गेले नाही, समोर वेताच्या मोड्यावर बसले. म्हटलं, "अण्णा, अक्कांना काय झालं होतं ते ऐकायचंय का?" पेपर खाली झाला नाही. मी तसंच सुरू केलं. कागद काढून दाखवला, ही कानशिलावरची वाहिनी, ही डोळ्याची नस, ही मागची. भाकरी का टाकायच्या, बसून का झोपायच्या, ओळीनं सगळं. करदंटाचं मी मुद्दाम गाळलं होतं. पण जबड्याचं सांगून झालं आणि पेपर आपोआप खाली आला.

"म्हणजे तिला चावता येत नव्हतं," अण्णा म्हणाले.

"नाही."

"आणि मी करदंट आणलं. वर मीच रागावलो." त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तुमच्या वेळीही नाही. मी उठून पाणी आणलं.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "मग तिला राग न्हवताच?"

मी खरं तेच सांगितलं. तुमचे शब्द होते तसे सांगितले, दोन दिवस होता म्हणून.

"दोनच दिवस?" अक्का, तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता! "स्कूटरच्या वेळी माझ्यावर महिनाभर होता की! आणि घर मोडून जाणाऱ्या धाकट्यावर दोनच दिवस?" आणि ते हसायला लागले, डोळे पुसत पुसत. मलाही हसू फुटलं. बाहेरून ह्यांनी घाबरून दारातून डोकावलं.  मग अण्णा म्हणाले, "जिन्यात काय उभा राहिलायस? ये, बस. हिनं जास्तीची भाकरी आणलीय."

त्यांनी मला आजाराचं नाव पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. जायंट सेल आर्टरायटिस. त्यांच्या तोंडात बसत नाही. "एवढं मोठं नाव! तिला वेळेवर सांगितलं असतं तर गल्लीभर मिरवलं असतं तिनं," म्हणाले. खरंच मिरवलं असतं ना? रत्नम्मांना तर पहिल्यांदा.

निघताना ते दाराशी आले. म्हणाले, "निपाणीची मंडळी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. मी पण गप्प बसून त्यात भर घातली." मी म्हटलं, "आपण सगळेच गप्प बसलो, अण्णा." 

तर आता माझा शब्द घ्या, अक्का. वर्षश्राद्धाला पंगत बसली आणि कुणी "झुरून गेली" म्हणालं, तर मी हातातली पळी खाली ठेवून सगळ्यांदेखत तुमच्या आजाराचं नाव सांगणार आहे. माझ्यावरचा आळ जावा म्हणून नाही. धाकट्या जावेच्या फ्लॅटपायी प्राण सोडणारी बाई तुम्ही नव्हता, म्हणून. तिथं तुमच्या वयाच्या कितीतरी बायका असतील. फणी लागून दुखतं का, चावताना जबडा दमतो का, क्षणभर डोळ्यापुढं अंधार येतो का, हे मी एकेकीजवळ जाऊन विचारणार आहे. हसल्या तरी विचारणार आहे.

आणि आपल्या घराचा तो नियम मी मोडतेय. यापुढं कुणी फूल माळलं नाही, ताट अर्धं टाकलं, तोंड फिरवून बसलं, तर मी वाट बघणार नाही. जवळ जाऊन आधी विचारीन, कुठं दुखतंय? राग असेल तर तो काय, आपोआप कळतोच.

तुमची,
शोभी